अधिक की वजा, हे त्याला ठरवू दे

कोल्हापूर,
१६ जून

चि. छकुलीस,


काल शाळा भरली आणि रात्री तुझा फोन आला. "आत्या, माझ्या गटात आठ मुलं आहेत. त्यातल्या पाच जणांना वीसच्या आतली बेरीज-वजाबाकी येते. पण शाब्दिक उदाहरण घातलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. 'ताई, अधिक की वजा?' मी सांगितलं की उत्तर बरोबर, नाही सांगितलं की पाटी कोरी. मग वर्षभर मी शिकवलं तरी काय?" एवढं बोलून तू गप्प झालीस. मी धीराचे दोन शब्द बोलले, पण ते पुरे पडणारे नव्हते, हे मलाही कळत होतं. म्हणून आज सकाळचं सगळं आवरून लिहायला बसले आहे.

आधी हे सांगते, की हा प्रश्न तुला पडला याचा मला फार आनंद झाला. तू शिकवतेस तशाच, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मला तो पडलाच नव्हता.

मुलं विचारतात ना, "अधिक की वजा?", त्या प्रश्नातच त्या उदाहरणाचं सगळं गणित आहे. पाच आणि तीन आठ हे बोटांवर मोजता येतं, मण्यांवर येतं, कॅल्क्युलेटरवर तर येतंच. पण टोपलीत भर पडली, की तिच्यातून काही गेलं, की दोन ढीग शेजारी ठेवून बघायचे आहेत, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. ते ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. आपण चिन्ह सांगून मोकळ्या होतो तेव्हा मुलाच्या हाती नुसती मोजणी उरते. या पत्रात मला तुला एवढंच सांगायचं आहे. ते ठरवणं त्याच्याकडे राहू दे. बाकी लागेल ती सगळी मदत कर.

हे मी कसं शिकले ते सांगते. माझ्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता, मीच रंगवलेला. डावीकडे 'एकूण', 'मिळून', 'सगळे', आणि त्याखाली मोठं अधिकचं चिन्ह. उजवीकडे 'उरले', 'दिले', 'कमी', आणि त्याखाली वजा. मुलं उदाहरणात तो शब्द शोधायची, तक्त्याकडे बघायची आणि चिन्ह घालायची. उत्तरं भराभर बरोबर यायला लागली. तपासणीला आलेले साहेबही खूश झाले. मला वाटलं, जमलं.

त्या दिवाळीत शाळेच्या कार्यशाळेतल्या पणत्यांचा स्टॉल होता. चौदा वर्षांचा माझा एक मुलगा गिऱ्हाईक बघत होता. एक बाई आल्या. त्यांनी सहा पणत्यांचा खोका उचलला आणि म्हणाल्या, "मला एकूण दहा पाहिजेत. या सहा घेतल्या, वर किती लागतील तेवढ्या दे." मुलाने 'एकूण' हा शब्द धरला. सहा आणि दहा बोटांवर नीट मोजले आणि आणखी सोळा पणत्या एकेक करून कागदात गुंडाळायला घेतल्या. बाईंनी समजुतीने चार घेतल्या, बाकीच्या परत ठेवल्या. तो माझ्याकडे बघत राहिला. काय चुकलं ते त्याला कळेना, कारण मी शिकवलं तेच त्याने तंतोतंत केलं होतं. त्या संध्याकाळी मी तक्ता उतरवला.

मी शब्द शिकवले होते, गोष्ट शिकवली नव्हती. प्रत्येक शाब्दिक उदाहरण ही एक छोटी घटना असते. ती डोळ्यांपुढे उभी राहिली तर काय करायचं ते आपोआप दिसतं. आपल्या मुलांची अडचण अशी, की एका वेळी डोक्यात थोड्याच गोष्टी टिकतात. वाक्य वाचण्यातच शक्ती संपते, तोवर पहिला आकडा निसटतो, आणि प्रश्न येईपर्यंत गोष्टच विरून जाते. मग ते आपल्या तोंडाकडे बघतात. तो आळस नव्हे आणि हट्टही नव्हे. म्हणून डोक्यात मावत नाही ते बाहेर, टेबलावर मांडायचं. उदाहरण आपण वाचून दाखवायचं, दोनदा, तीनदा, मागेल तितक्या वेळा. वाचन हा वेगळा विषय आहे, गणिताच्या तासाला त्याची परीक्षा घ्यायची नाही.

यावर बाहेर खूप काम झालं आहे आणि ते तुला माहीत असायला हवं. अमेरिकेत आशा जितेंद्र यांनी शाब्दिक उदाहरणांचे साचे ओळखायला शिकवण्याची पद्धत मांडली. पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या डायन ब्राउडर, फ्रेड स्पूनर, अ‍ॅलिशिया सॉन्डर्स या मंडळींनी ती मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी बदलून घेतली. उदाहरण मोठ्याने वाचायचं, गोष्ट मांडायला एक आखलेला कागद द्यायचा, हातात वस्तू द्यायच्या आणि पायऱ्यांची चित्रयादी समोर ठेवायची. त्या मुलांना शाब्दिक उदाहरणं जमली. हे काम वाचताना मला फार आधार वाटला.

बेरीज-वजाबाकीच्या गोष्टी मुळात तीनच तऱ्हेच्या असतात. मी त्यांना माझी नावं दिली होती, तू तुझी दे.

पहिली परातीची गोष्ट. दोन वाट्या आणि एक परात. एका वाटीत चार लाडू, दुसरीत तीन करंज्या, दोन्ही परातीत ओतायच्या. फराळाच्या किती वस्तू झाल्या? इथे कुणी येत नाही, कुणी जात नाही, दोन भाग मिळून एक होतो.

दुसरी डब्याची गोष्ट. डबा एकच, पण त्यात काहीतरी घडतं. सात पोळ्या होत्या, दोन खाल्ल्या. किंवा सात होत्या, काकूंनी दोन वाढल्या. आधी, मग, शेवटी, असे तीन चौकोन कागदावर आखायचे. डब्यात आलं की गेलं, हे मुलाने हाताच्या खुणेने दाखवायचं: आत किंवा बाहेर. शब्दांआधी ही खूण येऊ दे. बोलता न येणारी मुलंही ती बरोबर करतात.

तिसरी जोडीची गोष्ट. दोन रांगा समोरासमोर. वर मुलं, खाली ताटं. कुणाला जोडीदार मिळाला नाही? ही सगळ्यात अवघड, कारण इथे काही घडतच नाही. नुसतं शेजारी ठेवून बघायचं असतं. हिच्यासाठी वेळ राखून ठेव.

एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय दुसरी काढू नकोस. दुसरी झाली की मात्र लगेच दोन्ही मिसळ. महिनाभर नुसती बेरजेचीच उदाहरणं दिली तर मुलगा न ऐकताच अधिक घालायला लागतो, आणि आपल्याला वाटतं त्याला आलं. मिसळलेल्या उदाहरणांतच त्याला निवड करावी लागते. शेवटी 'आधी सहा, मग काहीतरी, शेवटी दहा' या चालीच्या गोष्टी घे. पणत्यांच्या स्टॉलवर माझा मुलगा नेमका तिथेच अडला होता.

आणि हे सगळं कागदावर सुरू करू नकोस. जेरोम ब्रूनरने आधी हात, मग चित्र, मग चिन्ह अशी शिकण्याची वाट सांगितली. आपल्या मुलांना हाताच्या पायरीवर इतरांपेक्षा खूप जास्त दिवस थांबावं लागतं, आणि आपण घाई करतो. तुला एक सांगते, ही हाताची वाट आपण कुठून उसनी आणलेली नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, पण त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये काम करत होत्या. सेगँ या फ्रेंच शिक्षकाने अशाच मुलांसाठी केलेली साधनं त्यांनी आधी तिथे वापरून पाहिली. मग ती सगळ्या जगातल्या बालवाड्यांत गेली. आपल्याकडे बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले घेऊन तेच केलं. म्हणजे आज शहाण्यासुरत्या मुलांच्या हातात जी साधनं आहेत, त्यांतली कितीतरी मुळात आपल्या मुलांकडून गेलेली आहेत. चिंचोके, बांगड्या, बाटल्यांची झाकणं जमव. तेवढं भांडवल पुरतं.

आता तुला पंगतीचं सांगते, कारण गणिताचा माझा सगळ्यात चांगला तास जेवणाच्या सुट्टीत व्हायचा. आमच्याकडे दुपारचं जेवण एकत्र असे. ताटं मांडायची पाळी एका मुलाकडे. एक दिवस मी मुद्दाम मांडणीवर दोन ताटं कमी ठेवली आणि काही बोलले नाही. त्या दिवशीच्या मुलाने सात जणांपुढे ताटं मांडत आणली, पाच झाली आणि हात रिकामा. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मी वाटीत आमटी वाढत राहिले. त्याने रांगेच्या सुरुवातीला जाऊन प्रत्येकाच्या डोक्याला हात लावला, प्रत्येक ताटाला हात लावला. शेवटच्या दोघांजवळ आल्यावर तो उभा राहिला. मग आत गेला आणि एक ताट आणलं. ते मांडलं, परत बघितलं, परत आत गेला आणि दुसरं आणलं. जेवण पाच मिनिटं उशिरा सुरू झालं. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा दोघांजवळ उभा राहिला, दोन बोटं वर केली, आणि एकाच खेपेत दोन ताटं घेऊन आला. दोन खेपांची एक खेप झाली, छकुली! सात वजा पाच त्याने पाटीवर कधी लिहिलं नव्हतं. पण काय हवं आहे हे त्याने आधी ठरवलं आणि मग तो उठला. त्याच्या आयईपीत, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, त्या दिवशी मी जे लिहिलं, तसं वाक्य त्याच्या नावावर त्याआधी कधीच आलं नव्हतं.

यातली सगळ्यात कठीण गोष्ट कोणती असेल, तर माझं आमटी वाढत राहणं. गप्प राहायला शिक. तुला प्रॉम्प्टची, म्हणजे मदतीची, उतरंड पाठ आहे: हात धरून, हाताला नुसता स्पर्श करून, करून दाखवून, खुणेने, शब्दाने. वस्तू मांडायला, चौकोन आखायला, मोजायला यातली कुठलीही मदत मोकळ्या मनाने दे. पण ठरवायच्या पायरीवर उलट्या टोकाने सुरुवात कर, कमीत कमीपासून. आधी नुसतं थांब. मनातल्या मनात दहापर्यंत मोज. मग उदाहरण पुन्हा वाच. मग विचार, "डब्यात काय झालं?" मग, "आत आलं की बाहेर गेलं?" तरीही नाही जमलं तर वस्तू घेऊन तू करून दाखव आणि त्याच्याकडून पुन्हा करून घे. "वजा कर" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस. डोळ्यांनीसुद्धा सांगू नकोस. आपली मुलं बाईंचा चेहरा फार चांगला वाचतात. पेन्सिल अधिककडे वळली की आपल्या भुवया हलतात आणि पेन्सिल वजाकडे जाते. मी तर त्या क्षणी वहीत बघायची सवय लावून घेतली होती.

चुकीचं चिन्ह घातलं तरी लगेच पुसू नकोस. वस्तूंवर करू दे. सात पोळ्यांतून दोन खाल्ल्या आणि डब्यात नऊ झाल्या, हे त्याला स्वतःला खटकू दे. आणि खटकलं, की त्या क्षणाचं कौतुक कर. उत्तराच्या कौतुकापेक्षा ते त्याच्या जास्त दिवस लक्षात राहतं.

आकड्यांचंही जरा बोलायला हवं, कारण मराठीतली संख्यानावं आपल्या मुलांना फार जड जातात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतो आणि तो आकडा विशीतला असतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची जोडपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या मंगला नारळीकरांनी तेव्हा त्या पद्धतीची बाजू शांतपणे समजावून सांगितली होती. आपल्या मुलांच्या दृष्टीने तो वादाचा विषयच नाही. लिहिताना 'वीस पाच' म्हणू दे. पण दुकानदार 'पंचवीस'च म्हणणार, म्हणून कार्डावर दोन्ही नावं ठेव आणि दोन्ही ऐकव.

मोठ्या गटातल्या मुलांना पैशाचं गणित द्यायला उशीर करू नकोस. सोळा वर्षांच्या मुलापुढे ससे आणि फुगे मांडू नकोस, त्याला अपमान कळतो. त्याच्यासाठी सुटे पैसे, दुधाच्या पिशव्या, बसचं तिकीट असू दे. नोटा रंगावरून कधी शिकवू नकोस. ही चूकही मी केली होती. जुनी शंभरची निळसर आणि पन्नासची जांभळट, अशी मुलांची पक्की ओळख होती. २०१७ मध्ये नवी पन्नासची आली ती निळी, आणि २०१८ मध्ये नवी शंभरची आली ती जांभळट. माझ्या मुलांचं वर्षानुवर्षांचं शिकणं एका फटक्यात उलटं झालं. तेव्हापासून आकड्यावर बोट ठेवूनच नोट ओळखायची, असा नियम केला. नाण्यांचंही तसंच. दहाचं आणि वीसचं दोन्ही दोन रंगांची, पण वीसचं बाराकोनी आहे, ते बोटांना कळतं.

पैसे देताना 'वरची एक दहाची' ही युक्ती शिकव. दुकानदार त्रेचाळीस म्हणाला, तर शेवटचे 'चाळीस' ऐकायचे, दहाच्या चार नोटा मोजायच्या आणि वर एक ठेवायची. पन्नाशीच्या पुढे बावन्न, त्रेसष्ट, पंचाहत्तर इथे शब्दाचं शेपूट बदलतं, ते वेगळं घोटून घ्यावं लागतं. एकोणपन्नासला मुलगा एक नोट जास्त देईल, पण पैसे कमी कधीच पडणार नाहीत. उरलेले परत मागायचे, हे मात्र सोबतच शिकव. आता सगळीकडे मोबाइलने पैसे जातात, तर तिथे बटण दाबण्याआधी पडद्यावरचा आकडा आणि दुकानदाराने सांगितलेला आकडा जुळवून बघू दे. पंचेचाळीस आणि साडेचारशे यांतला फरक त्याने पकडला पाहिजे. कॅल्क्युलेटर हवा तेव्हा दे. त्यावर अधिक दाबायचं की वजा, हे तोच ठरवणार आहे ना, मग काही बिघडत नाही.

वर्गात जमलं म्हणजे दुकानात जमेल, असं आपल्या मुलांचं होत नाही. चिंचोक्यांवर आलेलं लाडवांवर पुन्हा शिकवावं लागतं, तुझ्याजवळ आलेलं आईजवळ पुन्हा. म्हणून सुरुवातीपासूनच वस्तू बदल, माणसं बदल, जागा बदल. घरी एकच काम सांग: रोज रात्रीची पानं मुलाने घ्यायची, आणि कुणीही आकडा सांगायचा नाही.

पालकसभेत तू आयांशी बोलशील तेव्हा कधी ना कधी कुणीतरी दाराशी थांबून विचारेल, "ताई, आमच्यामागे याचं काय होणार?" हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क दिला, पण अठरानंतरची वर्षं मोठी असतात. त्या प्रश्नाचं पुरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तुझ्याकडेही नसेल. खोटा धीर देऊ नकोस. पण त्या आईला हे सांगता येईल, की आज तुमच्या मुलाने दोन ताटं कमी आहेत हे कुणी न सांगता ओळखलं. पुढे सांभाळणारा भाऊ असो, बहीण असो की संस्था, ज्याला स्वतःची गरज मोजता येते आणि मागता येते, त्याचं जगणं तेवढं कमी परावलंबी असतं.

पणत्यांच्या मुलाचं राहिलं. पुढच्या दिवाळीपर्यंत आम्ही डब्याची गोष्ट रोज खेळलो. स्टॉलवर त्याच्यापुढे पुन्हा तसंच गिऱ्हाईक आलं. त्यांना बारा हव्या होत्या, आठ घेतल्या होत्या. त्याने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून पिशवीची गाठ सोडत बसले. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग पणत्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आधीच्या आठांपुढे नऊ, दहा, अकरा, बारा. वर बघितलं तेव्हा चार पणत्या त्याने वेगळ्या ओळीत लावल्या होत्या आणि गिऱ्हाइकाला सांगत होता, "एवढ्या." ते गृहस्थ तोवर शांतपणे उभे राहिले होते. त्यांचे उपकार मी अजून विसरले नाही.

सोमवारी मांडणीवरची दोन ताटं उचलून कपाटात ठेव. काही बोलू नकोस. काय झालं ते मला सविस्तर कळव.

प्रकृतीला जप, डबा वेळेवर खा. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या